बाप-लेकरू प्रोसेसमधला पाइप: प्रोग्राम अटकू नये म्हणून काय, कोणत्या क्रमाने करायचं

हिवाळी परीक्षेचं प्रॅक्टिकल जवळ आलं की माझ्याकडे एकच तक्रार येते: "सर, प्रोग्राम अटकला." कंपाइल होतो, एरर नाही, कर्सर नुसता लुकलुकत बसतो. मग पोट्टा कंट्रोल-सी दाबतो, कुठेतरी एक स्लीप घुसवतो, पुन्हा चालवतो, आणि एकदा चुकून चालला की तसाच जमा करतो. तालुक्याच्या गावी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना असे इतके प्रोग्राम पाहिले, की आता कोड वाचायच्या आधीच मी विचारतो, "क्लोज किती वेळा लिहिलं?" एका पाइपच्या साध्या प्रोग्रामात उत्तर चार यायला हवं. बहुतेकांचं एक येतं. काहींचं शून्य.

लेख त्या चार क्लोजबद्दल आणि त्यांच्या जागेबद्दल आहे. प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम. फोर्क तिची दुसरी प्रत काढतो: मूळ ती बाप, प्रत ते लेकरू. पाइप म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे बाइट नेणारी नळी, तिला वाचायचं एक आणि लिहायचं एक अशी दोन तोंडं असतात. क्लोज एक तोंड बंद करतो. भाषा सी, सिस्टिम लिनक्स. फंक्शनांची नावं वर्गात उच्चारतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना मॅन्युअलमधलं स्पेलिंग घ्या.

## १. मशीनची तयारी

टर्बो सी बंद करा. त्यात फोर्क नाही. विंडोजवर कोडब्लॉक्समध्ये मिंगडब्ल्यू (विंडोजवरचा सी कंपायलर) असेल तर आणखी गंमत होते: युनिएसटीडी हेडर सापडतं, त्यामुळे वाटतं सगळं ठीक आहे, आणि शेवटी लिंक करताना फोर्क सापडत नाही म्हणून गाडी थांबते. उबुंटू किंवा कुठलंही लिनक्स घ्या, विंडोजच सोडता येत नसेल तर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय.

लॅपटॉप नसेल तरी अडत नाही. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचं अॅप टाका, त्यात क्लँग हे सी कंपायलरचं पॅकेज घ्या. या लेखातलं सगळं त्यावर चालतं, आणि गावात लाइन गेली तरी फोनची बॅटरी असेपर्यंत सराव होतो. माझे काही चांगले विद्यार्थी फोनवरच शिकलेत.

कंपाइल करताना "वॉल" (-Wall, नेहमीच्या वॉर्निंग दाखवणारा) हा पर्याय द्यायचाच. वॉर्निंग म्हणजे एररच समजा. पुढे टप्पा ४ मधली सगळ्यात फसवी चूक तोच पर्याय आधी पकडून देतो.

मेनच्या पहिल्याच ओळीत अलार्म(१०) लिहा. दहा सेकंदांनी बाप प्रोसेस सिग्नलने मरते, तुम्ही अर्धा तास पडद्याकडे पाहत बसत नाही. फोर्कनंतर हा अलार्म लेकराकडे जात नाही, तो बापापुरताच असतो. प्रोग्राम नीट चालायला लागला की ओळ काढून टाका.

तपासणी: फक्त फोर्क आणि गेटपीआयडी (प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे पीआयडी, देतो) असलेला चार ओळींचा प्रोग्राम चालवून दोन वेगळे आकडे पडद्यावर येतात का ते पाहा. आले तरच पुढे.

## २. कागदाची तयारी

ही पायरी सगळे गाळतात. कीबोर्डला हात लावायच्या आधी कोण काय बोलणार आणि कोण काय ऐकणार हे कागदावर हवं.

कापूस वेचाईच्या दिवसांतली संध्याकाळ डोळ्यासमोर आणा. वेचणाऱ्या बाया आपापली गाठोडी घेऊन आल्यात. बाप काट्याजवळ उभा राहून वजनं सांगतो: "बेचाळीस... अडतीस... एक्कावन्न... चव्वेचाळीस." लेकरू ओट्यावर बसून वहीत उतरवतं. बाप "झालं" म्हणेपर्यंत लेकरू पेन्सिल उचलून थांबतं. "झालं" ऐकलं की रेघ मारून बेरीज करतं: १७५ किलो, म्हणजे १ क्विंटल ७५.

आपला प्रोग्राम हाच. बाप प्रोसेस वजनं पाठवते, लेकरू प्रोसेस बेरीज करते. फरक एवढाच, की पाइपमध्ये "झालं" असा शब्द नसतो. लिहायची सगळी तोंडं बंद झाली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वाचणाऱ्याला शून्य बाइट देतं, तेच "झालं". सगळी तोंडं, एक नाही. पुढच्या निम्म्या चुका या एका शब्दातून निघतात.

पाइप म्हटलं की आपल्याकडच्या पोरांना वावरातला स्प्रिंकलरचा पाइप आठवतो. उपमा अर्धीच चालते. एकाने घेतलेलं पाणी दुसऱ्याला मिळत नाही, तसा एकाने वाचलेला बाइट दुसऱ्याला मिळत नाही, इथवर बरोबर. पण वावरातला पाइप उलटा जोडता येतो. लिनक्सचा पाइप येत नाही, त्याची दिशा ठरलेली असते.

आता कागदावर हे लिहा:

- फोर्कच्या आधी: बापाकडे वाचायचं तोंड १, लिहायचं तोंड १.
- फोर्कच्या नंतर: बापाकडे दोन, लेकराकडे दोन. एकूण चार.
- हवीत किती: बापाचं लिहायचं, लेकराचं वाचायचं. दोन.
- लगेच बंद करायची: बापाचं वाचायचं, लेकराचं लिहायचं. दोन.
- काम झाल्यावर बंद करायची: उरलेली दोन.

हेच ते चार क्लोज. कागदावर प्रत्येक तोंडापुढे ते कोणत्या ओळीनंतर बंद होणार हे लिहिल्याशिवाय मी लॅबमध्ये मशीन चालू करू देत नाही.

## ३. आधी पाइप, मग फोर्क

    पूर्णांक नळ[२];
    पाइप(नळ);
    पीआयडी = फोर्क();

नळ[०] वाचायचं, नळ[१] लिहायचं. लक्षात ठेवायला सोपं: ० हा कीबोर्डचा, म्हणजे आत येणाऱ्याचा क्रमांक, १ हा पडद्याचा, बाहेर जाणाऱ्याचा. पाइपने -१ परत दिलं तर पीएरर छापून थांबा.

सावधान: पाइपची ओळ फोर्कच्या खाली गेली तर बाप आपला वेगळा पाइप तयार करतो, लेकरू आपला वेगळा. दोघांकडे ३ आणि ४ असेच क्रमांक दिसतात, म्हणून एकच पाइप असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात बाप स्वतःच्या पाइपात लिहितो आणि लेकरू स्वतःच्या रिकाम्या पाइपाशी बसतं.

आणखी एक बारीक गोष्ट. फोर्कच्या आधी प्रिंटएफने काही छापलं असेल तर फोर्कच्या लगेच आधी एफफ्लश(एसटीडीआउट) करा. प्रिंटएफचा मजकूर आधी बफरमध्ये साठतो, आणि फोर्क त्या बफरचीही प्रत काढतो. "काटा सुरू" ही ओळ दोनदा का आली, याचं उत्तर हे. पडद्यावर ओळ पूर्ण झाली की बफर रिकामा होतो, म्हणून तिथे चूक लपते. आउटपुट फाइलमध्ये वळवलं की ओळ दोनदा येते. परीक्षकाने फाइल मागितली की घोटाळा बाहेर.

## ४. फोर्कची तीन उत्तरं, आणि लगेचचे दोन क्लोज

फोर्क -१ देतो म्हणजे लेकरू जन्मलंच नाही. ० देतो ते लेकराच्या बाजूला. शून्यापेक्षा मोठा आकडा देतो तो बापाच्या बाजूला, आणि तो आकडा लेकराचा पीआयडी असतो. तिन्ही फांद्या लिहा.

कंसाची चूक इथेच होते. पुष्कळ जण फोर्कची किंमत घेणं आणि तुलना एकाच ओळीत उरकतात:

    जर (पीआयडी = फोर्क() < ०)

यात आधी तुलना होते, मग तुलनेचं उत्तर पीआयडीत जातं. फोर्क यशस्वी झाला तर ते उत्तर दोन्हीकडे ० असतं. दोघंही स्वतःला लेकरू समजतात, दोघंही लिहायचं तोंड बंद करतात, दोघांनाही लगेच "झालं" मिळतं. पडद्यावर "बेरीज ०" दोनदा. हे लक्षण दिसलं की बाकी काही शोधू नका, सरळ या ओळीकडे जा. "वॉल" दिला असेल तर कंपायलर आधीच कंस सुचवतो. फोर्क वेगळ्या ओळीत लिहिला तर प्रश्नच मिटतो.

आता प्रत्येक फांदीची पहिली ओळ:

    लेकरू: क्लोज(नळ[१]);
    बाप: क्लोज(नळ[०]);

लेकराने आपलं लिहायचं तोंड बंद केलं नाही तर काय होतं? बाप सगळी वजनं सांगतो, आपलं तोंड बंद करतो, आणि लेकरू संपायची वाट पाहत बसतो. लेकरू चारही वजनं वाचून पाचव्यासाठी थांबतं. कर्नलच्या हिशेबी एक लिहायचं तोंड अजून उघडं आहे, म्हणजे कोणीतरी अजून वजन सांगू शकतं. ते तोंड लेकराच्याच हातात आहे. स्वतःच काही बोलेल म्हणून ते स्वतःचीच वाट पाहतं. "सर, प्रोग्राम अटकला" यातले बहुतेक इथले.

बापाने वाचायचं तोंड उघडं ठेवलं तर लगेच काही बिघडत नाही, म्हणून ते राहून जातं. पण लेकरू मध्येच मेलं तर बापाला ते कळायला हवं. वाचणारा कोणीच उरला नाही की लिहिणाऱ्याला सिगपाइप सिग्नल येतो. बापाने स्वतःच वाचायचं तोंड धरून ठेवलं असेल तर कर्नलला वाटतं वाचणारा आहे. सिग्नल येत नाही, पाइप भरेपर्यंत बाप लिहीत राहतो आणि भरला की कायमचा थांबतो.

तपासणी: दोन्ही क्लोज लिहून, वाचणं-लिहिणं काहीच न लिहिता, दोन्हीकडे स्लीप(३०) टाका, अलार्मची ओळ तात्पुरती काढा आणि चालवा. दुसऱ्या टर्मिनलमधून प्रॉक फोल्डरात जा, दोन्ही पीआयडींच्या एफडी फोल्डरवर (त्यात प्रोसेसच्या उघड्या तोंडांची यादी असते) एलएस -एल द्या. प्रत्येकाकडे पाइपची एकच ओळ दिसली पाहिजे. दोन दिसल्या तर कागदाकडे परत जा.

## ५. बापाने लिहायचं

वजन पूर्णांकात आहे, म्हणून सरळ तो पूर्णांकच पाठवू: राइट(नळ[१], &वजन, साइझऑफ(वजन)). हा आकडा सहसा ४ बाइटचा. प्रत्येक वेळी राइटने परत दिलेला आकडा तपासा.

लिनक्सवर ४०९६ बाइटपर्यंतचं एक राइट अखंड जातं. दोन-तीन लेकरं एकाच पाइपात लिहीत असली तरी त्या मापातला मजकूर एकमेकांत मिसळत नाही. पॉझिक्सची (युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या सामाईक मानकाची) हमी किमान ५१२ बाइटची आहे. लिनक्सबाहेर चालवायचं असेल तर ती धरा. त्याहून मोठा मजकूर तुकड्यांत जाऊ शकतो.

पॉइंटर पाठवू नका. स्ट्रक्चरमध्ये नावासाठी कॅरेक्टर पॉइंटर ठेवून अख्खं स्ट्रक्चर राइट करणारे दरवर्षी दोघं-तिघं भेटतात. पलीकडे पोचतो तो फक्त पत्ता, आणि तो बापाच्या मेमरीतला. नाव हवं असेल तर स्ट्रक्चरमध्ये ठरावीक लांबीचा अॅरे ठेवा.

सावधान: लेकरू आधीच संपलेलं असेल तर राइट करताना बाप काहीही न छापता मरतो. शेलमध्ये एक्झिट कोड पाहिला तर १४१ दिसतो, म्हणजे १२८ अधिक सिगपाइपचा क्रमांक १३. असा मृत्यू नको असेल तर सुरुवातीला सिगपाइपकडे दुर्लक्ष करायला सांगा. मग राइट -१ देतो आणि एररनो ईपाइप होतो. दुर्लक्ष करायला सांगून वर राइटचं उत्तर तपासायचं नाही, हे मात्र सगळ्यात वाईट.

## ६. लेकराने वाचायचं

रीडची उत्तरंही तीन. शून्याहून मोठं: इतके बाइट मिळाले. शून्य: "झालं". -१: काहीतरी चुकलं. पाइप रिकामा आहे पण लिहिणारा जिवंत आहे, अशा वेळी रीड उत्तरच देत नाही, थांबून राहतो. थांबणं हा दोष नाही, त्याचं कामच ते आहे. म्हणूनच स्लीप लावून "वेळ जुळवायची" काही गरज नसते.

लूप असा:

    जोवर (रीड(नळ[०], &वजन, साइझऑफ(वजन)) > ०)
        बेरीज = बेरीज + वजन;

"शून्याहून मोठं" ही तुलना गाळून नुसतं रीड कंसात टाकलं तर -१ सुद्धा खरं धरलं जातं. समजा चुकून लेकराने नळ[०] बंद केला. रीड दर वेळी -१ देतो, लूप थांबत नाही, शेवटचं वजन किंवा कचरा पुन्हापुन्हा मिळवला जातो. फोन गरम झाला की समजायचं. काटेकोर राहायचं असेल तर उत्तर साइझऑफइतकंच आहे का हे पाहा, आणि कमी असेल तर उरलेले बाइट वाचेपर्यंत फिरणारं छोटं फंक्शन लिहा. चार बाइटच्या आकड्याला त्याची गरज सहसा पडत नाही, मोठ्या स्ट्रक्चरला पडते.

मजकूर पाठवला तर वेगळाच तमाशा. बापाने "४२" लिहिलं, मग "३८" लिहिलं. लेकराने एकदा रीड केलं आणि त्याला "४२३८" मिळालं. एका बाईने एका दिवसात ४,२३८ किलो कापूस वेचला! पाइप हा बाइटांचा सलग प्रवाह आहे. दोन राइटांमधली सीमा त्यात राहत नाही. मध्ये स्लीप(१) टाकला की दोन वेगळे तुकडे मिळतात, आणि पोरांना वाटतं दुरुस्ती झाली. लॅबमधल्या रिकाम्या मशीनवर ती दुरुस्ती चालते, लोड आला की मोडते. मजकूर असेल तर प्रत्येक वजनाच्या शेवटी नवी ओळ टाका आणि पलीकडे ओळीप्रमाणे तोडा.

रीड शेवटी शून्य अक्षर जोडत नाही हेही विसरू नका. बफरपेक्षा एक बाइट कमी वाचा, मिळालेल्या लांबीच्या जागी स्वतः शून्य ठेवा, मगच प्रिंटएफला द्या. नाहीतर वजनाच्या मागे चिनीसारखं काहीतरी छापून येतं.

## ७. "झालं" म्हणायचं, आणि त्याचा क्रम

बापाचा शेवट या क्रमाने:

1. शेवटचं राइट.
2. क्लोज(नळ[१]).
3. वेटपीआयडी.

दोन आणि तीनची अदलाबदल केली की प्रोग्राम अटकतो: बाप लेकरू संपायची वाट पाहतो, लेकरू "झालं"ची.

लेकराचा शेवट: बेरीज छापा, एफफ्लश करा, क्लोज(नळ[०]), मग अंडरस्कोर एक्झिट. साधं एक्झिट बापाकडून आलेला जुना बफर पुन्हा ओततं, म्हणून लेकरासाठी अंडरस्कोरवालं. आणि हे एक्झिट लिहायला विसरलात तर लेकरू फांदीच्या बाहेर पडून बापाचा कोड चालवायला लागतं.

वेटपीआयडी टाळू नका. ते नसेल तर बाप जिवंत असेपर्यंत मेलेलं लेकरू झोंबी म्हणून यादीत राहतं, आणि कधी बाप आधी संपून शेलचा प्रॉम्प्ट मध्येच येतो, त्यानंतर बेरीज छापली जाते.

तपासणी: ४२, ३८, ५१, ४४ द्या. उत्तर १७५, एकदाच, आणि प्रॉम्प्ट त्याच्या नंतर. मग एकही वजन न देता चालवा: ० येऊन प्रोग्राम संपला पाहिजे. ही दुसरी चाचणी कोणी करत नाही, आणि उघडी राहिलेली तोंडं तीच पकडते.

## ८. उत्तर परत आणायचं: दुसरा पाइप

बेरीज बापाला हवी आहे. पोरांची पहिली शक्कल: लेकराने बेरीज एक्झिट कोड म्हणून द्यायची. १७५ ला चालतं! दुसऱ्या दिवशी कापूस ३०० किलो झाला आणि उत्तर ४४ आलं. एक्झिट कोडचे फक्त आठ बिट बापापर्यंत पोचतात; ३०० मधून २५६ गेले, ४४ उरले. एक्झिट कोड "नीट झालं की नाही" एवढंच सांगायला.

दुसरी शक्कल: त्याच पाइपातून उत्तर. बाप लिहितो, लगेच वाचायला जातो, आणि लेकराच्या आधी स्वतःचंच वजन परत उचलतो.

म्हणून दोन पाइप. नावं मी जा आणि ये ठेवतो, बापाच्या बाजूने पाहून. दोन्ही पाइप फोर्कच्या आधी. फोर्कनंतर आठ तोंडं होतात. चार लगेच बंद करायची, चार कामानंतर:

- बाप लगेच बंद करतो जा[०] आणि ये[१].
- लेकरू लगेच बंद करतं जा[१] आणि ये[०].
- बाप: वजनं लिहितो, जा[१] बंद करतो, मग ये[०] वाचतो, तो बंद करतो, मग वेटपीआयडी.

हा क्रम एका बेरजेसाठी पुरतो. पण समजा लेकरू प्रत्येक वजनामागे ३२ बाइटची पावती परत पाठवतं, आणि बाप सगळी वजनं सांगून झाल्यावरच पावत्या वाचतो. चार वजनांना चालेल, शंभरालाही. लिनक्सवर पाइपची नेहमीची क्षमता ६५,५३६ बाइट, म्हणजे २,०४८ पावत्या. पुढच्या पावतीला लेकरू लिहिता लिहिता थांबतं. थांबलं म्हणजे वजनं वाचणंही थांबलं. मग "जा" पाइप भरतो आणि बापही थांबतो. दोघं एकमेकांकडे पाहत उभे. लॅबमध्ये चार ओळींच्या फाइलवर तपासलेला प्रोग्राम सगळ्या हंगामाच्या फाइलवर अटकतो तो असा.

वेटपीआयडी आधी आणि पावत्या वाचणं नंतर लिहिलं तरी ह्याच आकड्याला ठेच लागते.

उपाय साधे आहेत: लेकराने "झालं" ऐकेपर्यंत काही पाठवायचं नाही, किंवा एक वजन, एक पावती, असं आळीपाळीने चालायचं, किंवा पोल वापरून जे तोंड तयार असेल तिथे काम करायचं. पाइपची क्षमता वाढवता येते, पण ते टाळाच. त्याने चूक जात नाही, पुढच्या हंगामापर्यंत लांबते.

सावधान: आळीपाळीने चालताना एफडीओपन करून (म्हणजे पाइपचं तोंड फाइलसारखं उघडून) एफप्रिंटएफ वापरत असाल तर प्रत्येक वजनानंतर एफफ्लश हवं. पाइपवर बफर ओळीने रिकामा होत नाही, भरल्यावर होतो. वजन बापाच्याच बफरमध्ये पडून असतं आणि दोघंही वाट पाहतात.

## ९. लेकराऐवजी तयार प्रोग्राम: डुप२ आणि एक्झेक

बेरजेऐवजी वजनं चढत्या क्रमाने हवीत, आणि सॉर्ट कमांड आहेच. आता वजनं ओळींच्या मजकुरात पाठवा, कारण सॉर्टला ओळी कळतात.

डुप२ एका तोंडाची प्रत दिलेल्या क्रमांकावर बसवतो, एक्झेक लेकराच्या जागी तयार प्रोग्राम चालवतो. लेकराच्या फांदीत:

    डुप२(जा[०], ०);
    डुप२(ये[१], १);
    क्लोज(जा[०]); क्लोज(जा[१]);
    क्लोज(ये[०]); क्लोज(ये[१]);
    एक्झेकएलपी("सॉर्ट", "सॉर्ट", "-एन", नल);
    पीएरर("सॉर्ट");
    अंडरस्कोर एक्झिट(१२७);

डुप२ नंतर मूळ तोंडंही बंद करायची. डुप२ हलवत नाही, जास्तीची प्रत काढतो. सॉर्टकडे जा[१] उघडा राहिला तर त्याला "झालं" कधीच ऐकू येणार नाही, आणि सॉर्ट शेवटची ओळ वाचल्याशिवाय पहिलीही छापत नाही.

"सॉर्ट" दोनदा ही छपाईची चूक नाही. पहिला कोणता प्रोग्राम उघडायचा ते सांगतो, दुसरा त्या प्रोग्रामला स्वतःचं नाव म्हणून मिळतो. दुसरा गाळला तर "-एन" हेच नाव ठरतं, आकडे अक्षरांच्या क्रमाने लागतात आणि १०० किलो ३८ च्या आधी येतात.

एक्झेक यशस्वी झाला की खालच्या ओळी कधीच चालत नाहीत. चालल्या तर तो फसला. लेकरात डुप२ नंतर प्रिंटएफने तपासणीच्या ओळी टाकू नका; क्रमांक १ आता पडदा नाही, पाइप आहे, आणि "इथवर आलो" ही तुमची ओळ बापाला वजन म्हणून मिळेल. त्यासाठी एसटीडीईआरआर, म्हणजे एरर छापायचा वेगळा मार्ग, वापरा.

लेकरं दोन किंवा जास्त असतील तर जरा थांबून कागद काढा. बापाने पहिल्यासाठी पाइप केला, फोर्क केला. दुसऱ्यासाठी पाइप केला, फोर्क केला. दुसऱ्या लेकराला पहिल्या पाइपचं बापाकडे असलेलं लिहायचं तोंडही वारशात मिळतं. बापाने आपलं बंद केलं तरी धाकटं ते धरून बसतं, आणि थोरल्याला "झालं" ऐकू येत नाही. प्रत्येक लेकराने आपल्याआधीच्या सगळ्या पाइपांची तोंडं बंद करायची. लेकरं एक्झेक करणार असतील तर पाइपऐवजी पाइप२ आणि ओ-क्लोएक्झेक झेंडा घ्या. मग एक्झेक होताच ती तोंडं आपोआप मिटतात, आणि डुप२ ने काढलेल्या प्रती मात्र चालू राहतात, जे आपल्याला हवंच आहे.

पायथनवाल्यांनी यातलं बरंचसं सबप्रोसेसच्या कम्युनिकेट फंक्शनवर सोडावं. दोन्ही दिशा एकत्र सांभाळायचं काम ते करतं.

## १०. तरीही अटकलाच तर

कोड वाचत बसू नका, चालू प्रोसेसला विचारा. अलार्मची ओळ तात्पुरती काढा, प्रोग्राम अटकू द्या, दुसरं टर्मिनल उघडा.

आधी पीएसने दोन्ही पीआयडी शोधा. लेकरू झोंबी दिसलं तर ते काम संपवून मोकळं झालंय. दोष बापात आहे.

मग दोघांच्या एफडी फोल्डरवर एलएस -एल. प्रत्येक पाइपपुढे चौकटी कंसात एक क्रमांक असतो. दोन्हीकडे तोच क्रमांक म्हणजे तोच पाइप. क्रमांक वेगळे असतील तर टप्पा ३ मधली चूक, पाइप फोर्कनंतर झालाय. ओळीच्या सुरुवातीच्या परवानगीत आर असेल तर ते वाचायचं तोंड, डब्ल्यू असेल तर लिहायचं. वाट पाहणाऱ्या पाइपचं डब्ल्यू कोणाकोणाकडे आहे ते मोजा. ज्याच्याकडे असायला नको त्याच्याकडे दिसलं, की क्लोज कुठे राहिला ते सापडलं.

कोण कुठे थांबलंय हे हवं असेल तर एसट्रेसला (प्रोसेसने कर्नलला केलेले कॉल दाखवणाऱ्या कमांडला) "-एफ" देऊन प्रोग्राम चालवा, म्हणजे लेकराचेही कॉल दिसतात. शेवटच्या ओळीत रीड अर्धवट लटकलेला असेल तर "झालं" पोचलेलं नाही. राइट लटकलेला असेल तर पाइप भरलाय, टप्पा ८ पाहा. बाप वेटवर आणि लेकरू रीडवर, हे सगळ्यात नेहमीचं चित्र.

लॅबमधून उठायच्या आधी एकदा पीएस मारा. अलार्मने बाप मेला आणि लेकराने स्वतःचं लिहायचं तोंड बंद केलेलं नसेल, तर ते अनाथ लेकरू अजून वाचत बसलेलं असतं. एका प्रॅक्टिकलनंतर आमच्या सर्व्हरवर अशी सत्तावीस सापडली होती. प्रत्येक "पुन्हा चालवून पाहतो" मागे एक. किल द्या, आणि त्यातल्या एकाचा एफडी फोल्डर मारण्याआधी बघून घ्या.